पंचवीस वर्षे पूर्ण करणाऱ्या कामगारांना कोणते स्मृतिचिन्ह द्यावे?

आस्थापना_शिरोली (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) मी आस्थापना विभाग सांभाळते. आमच्याकडे ट्रॅक्टर आणि ट्रकसाठी लागणारे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) सुटे भाग ओतले जातात. यंदा आमच्या ३४ कामगारांच्या सेवेला २५ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांत मोल्डिंग (वाळूचे साचे भरणे), भट्टी, फेटलिंग (ओतलेला भाग घासून साफ करणे) आणि मशीन शॉप या विभागांतील पुरुष कामगार आहेत आणि कोअर शॉपमधील, म्हणजे भागातली पोकळी राखण्यासाठी साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागातील, चार महिला आहेत. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते आणि त्या दिवशी कामगारांची कुटुंबेही येतात, म्हणून सत्कार त्याच दिवशी करावा असे व्यवस्थापनाने ठरवले आहे.

आजवर आमच्याकडे शाल, श्रीफळ आणि कंपनीचे बोधचिन्ह छापलेली एक ॲक्रिलिकची ट्रॉफी देण्याची पद्धत होती. मी काही निवृत्त कामगारांच्या घरी गेले असता त्या ट्रॉफ्या शोकेसमध्ये दिसल्या खऱ्या, परंतु मुलाच्या शाळेतील ट्रॉफी, गल्लीतल्या मंडळाची ट्रॉफी आणि पंचवीस वर्षांच्या सेवेची ट्रॉफी यांच्यात फरक करता येऊ नये, इतक्या त्या सारख्या होत्या. एखाद्या माणसाने भट्टीसमोर पंचवीस उन्हाळे काढावेत आणि त्याची खूण म्हणून त्याच्या घरी अशी वस्तू असावी की जिच्यावरून त्याने काय काम केले हेसुद्धा कळू नये, ही गोष्ट मला मनापासून लागली आहे.

दरडोई साधारण ४,५०० रुपये खर्च करण्याची परवानगी मिळाली आहे. चांदीचे नाणे, भिंतीवरचे घड्याळ, क्रिस्टलचे सन्मानचिन्ह आणि घरगुती उपकरण असे पर्याय पुरवठादारांनी सुचवले आहेत. माझे प्रश्न असे आहेत. कुटुंबाने पुढची अनेक वर्षे जपून ठेवावी अशी वस्तू कशी निवडावी? सर्वांना एकच वस्तू द्यावी की कामानुसार वेगवेगळी? आणि त्या वस्तूवर नेमके काय लिहावे? ज्यांनी असे सत्कार केले आहेत किंवा स्वीकारले आहेत, त्यांनी अनुभवाने सांगावे, ही विनंती.

जुना_पॅटर्नमेकर

ताई, मी आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि नंतर एमआयडीसीत पॅटर्नमेकर, म्हणजे वाळूत साचा उठवण्यासाठीचा मूळ नमुना (पॅटर्न) बनवणारा कारागीर, म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. बहुतेक कंपन्यांना स्मृतिचिन्ह बाजारातून आणावे लागते, कारण त्यांच्याकडे दुसरा मार्ग नसतो. तुमचा तर धंदाच धातू ओतण्याचा आहे. कोल्हापूरची ओळख ऑइल इंजिनांच्या ओतकामावर उभी राहिली. त्या गावातल्या फाउंड्रीने आपल्या माणसांच्या सत्कारासाठी परगावाहून प्लॅस्टिक मागवू नये, असे मला ठामपणे वाटते. स्मृतिचिन्ह तुमच्याच कारखान्यात, तुमच्याच बिडाचे ओता.

आता हे प्रत्यक्षात कसे करायचे, ते थोडे सविस्तर सांगतो. अनेकांना पहिल्यांदा गनमेटल सुचते, कारण त्याला गंज चढत नाही आणि रंगही देखणा असतो. गनमेटलमध्ये साधारण ८८ टक्के तांबे, १० टक्के कथील आणि २ टक्के जस्त असते. मात्र ते तुमच्या बिडाच्या भट्टीत वितळवण्याचा विचारही करू नका. भट्टीच्या अस्तरात तांबे आणि कथील राहून जाते, आणि बाजारातल्या भंगारातून शिसे आले असेल तर त्याचा अगदी अल्प अंशसुद्धा पुढच्या बिडातील ग्रॅफाइटचा आकार बिघडवतो आणि माल ठिसूळ होतो. गनमेटलच हवे असेल, तर मुशीत धातू वितळवणाऱ्या एखाद्या छोट्या जॉबिंग फाउंड्रीकडून ते ओतून घ्यावे. माझे मत विचाराल, तर बीडच वापरावे, कारण ज्या धातूवर या लोकांनी आयुष्याची पंचवीस वर्षे घालवली तोच धातू त्यांच्या घरी गेला पाहिजे.

बिडाला गंज चढतो, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो लवकर चढतो. त्यासाठी ओतीव तुकडा शॉट ब्लास्ट करून (छऱ्यांच्या माऱ्याने साफ करून), फॉस्फेटिंग करून (गंजरोधक रासायनिक थर देऊन), वर पारदर्शक लॅकर किंवा काळे पावडर कोटिंग द्यावे. पृष्ठभाग थोडा खरखरीत राहू द्यावा. तो घासून आरशासारखा केला, तर ते ओतकाम आहे हे कोणाला कळणार नाही.

आकाराबद्दल माझी सूचना अशी आहे की, विभागानुसार चार-पाच वेगळे नमुने करावेत. भट्टीवरच्या माणसाला रस ओतायची छोटी लॅडल (पळी), मोल्डरला साच्याची वरची-खालची पेटी, कोअर शॉपमधील बायकांना कोअर बॉक्सचा अर्धा भाग आणि त्यात बसलेला कोअर, मशीन शॉपवाल्याला तो ज्या भागावर वर्षानुवर्षे काम करतो त्याच भागाची लहान प्रतिकृती द्यावी. वजन पाऊण किलोच्या आसपास ठेवावे, म्हणजे हातात घेतल्यावर धातूचे भारीपण जाणवते आणि घरातल्या शोकेसची काचही धोक्यात येत नाही. लाकडी बैठक सागाची किंवा शिसवीची चालेल.

पॅटर्न करताना बीड थंड होताना आकसते, मीटरला साधारण दहा मिलिमीटर, हे तुमच्या लोकांना सांगायची गरज नाही. अक्षरांबाबत मात्र सांगतो, कारण तिथे पुष्कळांची फसगत होते. देवनागरीत गाठी आणि बंद जागा फार असतात. अक्षर लहान ठेवले की 'क्ष' आणि 'श्र' यांसारख्या अक्षरांमधली वाळू पॅटर्न उचलताना तुटते आणि अक्षराचा गोळा होतो. म्हणून ओतीव भागावर फक्त मोठा, सर्वांना समान मजकूर ठेवावा, उदाहरणार्थ कंपनीचे नाव आणि वर्षे. व्यक्तीचे नाव आणि कामाचा तपशील स्वतंत्र पितळी पट्टीवर कोरून ती बैठकीला बसवावी. नक्षी बारीक हवी असेल, तर हिरव्या (म्हणजे नेहमीच्या ओलसर) वाळूऐवजी कोअर शॉपमध्येच शेल मोल्ड (राळ मिसळलेल्या वाळूचे, उष्णतेने घट्ट केलेले पातळ साचे) तयार करून घ्यावेत, त्यात उठाव स्वच्छ येतो.

शेवटची गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ज्यांचा सत्कार आहे, त्यांच्याकडून हे तुकडे ओतून घेऊ नका. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांकडून आणि अप्रेंटिसांकडून ओतून घ्या. मोल्डरच्या स्मृतिचिन्हाचा साचा त्याच्याच शिष्याने भरला असेल, तर व्यासपीठावर वेगळे काही बोलावे लागणार नाही.

लेथवाल्याची_लेक

वरील सूचना मला अतिशय आवडली. मी दुसऱ्या बाजूने, म्हणजे ज्या घरात अशी वस्तू येते त्या घरातून, दोन गोष्टी सांगू इच्छिते.

माझे वडील पिंपरी-चिंचवड परिसरातील एका कारखान्यात लेथवर काम करत. त्यांना सेवेबद्दल एचएमटीचे चावीचे घड्याळ मिळाले होते. त्या काळी अनेक कारखान्यांत हीच पद्धत होती. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढची काही दशके भारतीय माणसाला मिळालेली मानाची भेट म्हणजे बहुतेक वेळा एचएमटीच असे. ते घड्याळ आमच्या घरी अजून आहे आणि चालतेही. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण जुनी यांत्रिक घड्याळे दुरुस्त करणारे कारागीर अजून सापडतात. मात्र आम्ही ते जपले ते चालते म्हणून नव्हे. त्याच्या पाठीवर वडिलांचे नाव, विभाग आणि रुजू झाल्याचे वर्ष कोरलेले आहे, आणि ते नाव वडील स्वतः जसे लिहीत तसेच लिहिलेले आहे.

ताई, नावाकडे फार बारकाईने लक्ष द्या. हजेरीपटावरील नाव, आधार कार्डावरील नाव आणि माणूस स्वतः सांगतो ते नाव यांत पुष्कळदा फरक असतो. इंग्रजी नोंदीवरून मराठीत नाव उतरवताना 'पवार' आणि 'पोवार' यांचा घोळ तर कोल्हापुरात नक्की होईल. प्रत्येकाला एक कोरा कागद द्यावा आणि नाव स्वतःच्या हाताने लिहून मागावे. ज्यांना लिहिण्याची सवय नाही, त्यांच्या मुलांकडून लिहून घेऊन वाचून दाखवावे. पट्टी कोरण्याआधी प्रत्येकाला मजकूर पाहू द्यावा.

दुसरी गोष्ट मानपत्राची. वस्तूसोबत एक चांगले मानपत्र असावे, आणि ते ३४ जणांचे ३४ वेगळे असावे. 'निष्ठावान, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ' हे तीन शब्द सगळ्यांच्या मानपत्रात असतात आणि म्हणून ते कोणाचेच वर्णन करत नाहीत. त्याऐवजी असे लिहून पाहा:

'सन २००१ मध्ये आपण मोल्डिंग विभागात हेल्पर म्हणून रुजू झालात. हाताने साचे भरण्याच्या काळात जे काम आपण आत्मसात केले, ते मोल्डिंग मशीन आल्यावर आपण नव्या मुलांना शिकवले. मुठीत वाळू दाबून तिचा ओलावा योग्य आहे की नाही, हे आपण प्रयोगशाळेच्या अहवालाआधी सांगत आलात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात महामार्गावर पाणी आले असताना आपण पाळीनंतर थांबून भट्टीतला रस सुरक्षितपणे रिकामा करण्यास मदत केलीत. ही कंपनी आपली ऋणी आहे.'

एवढा मजकूर पुरेसा आहे. तो लिहिण्यासाठी प्रत्येक कामगाराच्या सुपरवायझरशी आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाशी अर्धा तास बोलावे लागेल. हे काम पुरवठादार करू शकत नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत, पण घरात पुढची पिढी वाचणार आहे ती हीच पाने. कार्यक्रमात मानपत्र पूर्ण वाचून दाखवावे. कामगाराची पत्नी किंवा पती, आई आणि मुले समोर बसलेली असतात, आणि आपला माणूस आत गेल्यावर नेमके काय करतो हे त्यांतल्या अनेकांनी कधीच ऐकलेले नसते.

पितळ_तांबे

बिडाचे स्मृतिचिन्ह ओतण्याच्या वरच्या मताशी मी एका मुद्द्यावर थोडा असहमत आहे. शोकेसमध्ये ठेवायची वस्तू कितीही अर्थपूर्ण असली, तरी तिच्याकडे रोज कोणी पाहत नाही. आपल्याकडे आठवण जपण्याची फार जुनी रीत भांड्यांवर नाव घालण्याची आहे. आजीच्या तपेल्यावर, परातीवर, पाण्याच्या पिंपावर बारीक ठिपक्यांनी कोरलेली नावे, तारखा आणि 'सप्रेम भेट' अशी अक्षरे अनेकांनी पाहिली असतील. ते भांडे कोणी, कधी आणि कोणत्या निमित्ताने दिले हे तीन पिढ्यांनंतरही कळते, कारण ते रोज हाताळले जाते आणि घासले जाते. घर वाटले जाताना भांडी वाटली जातात, पण नाव असलेले भांडे कोणाकडे गेले हे सगळ्यांच्या लक्षात राहते.

म्हणून तांब्याचे किंवा पितळेचे हाताने घडवलेले भांडे हा पर्यायही गंभीरपणे विचारात घ्यावा. पुण्याच्या तांबट आळीत अजून मठारकाम होते, म्हणजे पत्र्यावर हातोडीचे नियमित घाव घालून भांड्याला मजबुती आणि ती विशिष्ट चकाकती खडी दिली जाते. मशीनवर दाबून काढलेल्या भांड्यावर तशी खडी छापता येते, पण ओळीने बोट फिरवले की फरक लगेच कळतो. थेट कारागिराकडून घेतल्यास पैसे त्याच्या हातात जातात, आणि एका हस्तकौशल्याच्या माणसाने दुसऱ्याचा सन्मान केल्यासारखे होते. तांब्याचा पाण्याचा घडा किंवा मोठा तांब्या योग्य राहील. स्वयंपाकाचे भांडे देणार असाल, तर त्याला आतून कल्हई केलेली असावी, कारण तांब्यात किंवा पितळेत आंबट पदार्थ ठेवता येत नाहीत.

स्थानिक वस्तूंपैकी हुपरीची चांदी तुमच्या अगदी जवळ आहे आणि तिथले कारागीर पिढीजात आहेत. चांदी घ्यायची झाल्यास शुद्धतेचा शिक्का आणि वजनाचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय घेऊ नये, आणि त्यातले एखादे नाणे स्वतंत्रपणे तपासून पाहावे. सन्मान म्हणून दिलेली चांदी पुढे सराफाकडे कमी शुद्धतेची निघाली, तर त्या कामगाराला जे वाटेल ते कोणत्याही खुलाशाने भरून निघणार नाही. कोल्हापुरी चपलेचा विचार कोणी सुचवला असेल, तर तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ती वस्तू उत्तमच आहे, परंतु व्यासपीठावर सत्कारात पायताण हातात देणे आपल्या लोकांना रुचणार नाही.

हिशेबनीस_इचलकरंजी

वस्तूच्या निवडीबद्दल वरील मंडळींनी पुरेसे सांगितले आहे, म्हणून मी फक्त कराचा भाग मांडतो, कारण तो आधी पाहिला नाही तर सत्काराचा भुर्दंड कामगाराच्या पगारपत्रकावर दिसतो.

३१ मार्च २०२६ पर्यंतच्या आयकर नियम, १९६२ मधील नियम ३(७)(iv) नुसार मालकाने कर्मचाऱ्याला दिलेल्या वस्तुरूप भेटींची एकूण किंमत त्या वर्षात ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर ती करपात्र सुविधा मानली जात नसे. येथे 'एकूण' हा शब्द लक्षात घ्यावा. दिवाळीला दिलेली भेटही याच हिशेबात धरली जाई, त्यामुळे ४,५०० रुपयांचे स्मृतिचिन्ह आणि वर हजार रुपयांची मिठाई व भांडी दिली, तर ती मर्यादा ओलांडली जाई. रोख रक्कम, किंवा रोखीत बदलता येईल असे भेटपत्र, हे या सवलतीत येत नसे आणि पगारासारखेच करपात्र ठरे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम, २०२५ लागू असल्याने, त्याखालील नियमांत ही मर्यादा किती ठेवली आहे ते खरेदीआदेश देण्यापूर्वी तुमच्या सनदी लेखापालाकडून पाहून घ्यावे.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत, एका आर्थिक वर्षात एका कर्मचाऱ्याला दिलेल्या ५०,००० रुपयांपर्यंतच्या भेटींवर कर आकारला जात नाही. मात्र भेट म्हणून दिलेल्या वस्तूंच्या खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट (म्हणजे स्वतःच्या देय करातून त्याची वजावट) केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५)(h) प्रमाणे कंपनीला घेता येत नाही. अंदाजपत्रक करताना कराची रक्कम खर्चातच धरावी. स्मृतिचिन्ह कारखान्यातच ओतले, तर त्यासाठी वापरलेल्या मालावरील क्रेडिटचीही नोंद नीट करून ठेवावी. खर्च 'कर्मचारी कल्याण' या शीर्षाखाली दाखवावा आणि स्वीकारल्याच्या सह्यांची यादी फाइलमध्ये असू द्यावी.

कामगार_प्रतिनिधी

मी एका इंजिनिअरिंग कारखान्यातील संघटनेचे काम पाहतो. प्रश्न विचारणाऱ्या ताईंची तळमळ खरी आहे, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो.

पहिली गोष्ट, कामगारांना विचारा. ३४ जणांतील पाच-सहा जणांना बोलावून नमुने दाखवावेत आणि काय आवडले, काय आवडले नाही हे ऐकून घ्यावे. काही जण म्हणतील की, वस्तूऐवजी पैसे द्या. त्यात वावगे काही नाही, कारण मुलांच्या शिक्षणाची किंवा घराच्या कर्जाची निकड असते. परंतु पैशांचा विषय वेतनकराराच्या टेबलावर सुटला पाहिजे. सेवेबद्दलची वाढ किंवा एकरकमी रक्कम हवी असेल, तर ती करारात मागावी आणि द्यावी. करार रखडलेला असताना व्यवस्थापनाने थाटात सत्कार केला, तर तीच ट्रॉफी कामगाराला टोचते. तुमच्याकडे करार चालू असेल किंवा मुदत संपत आली असेल, तर सत्काराआधी त्याचे काय होणार आहे हे लोकांना स्पष्ट सांगावे.

दुसरी गोष्ट, कंत्राटी कामगारांची. फेटलिंगमध्ये आणि माल चढवण्या-उतरवण्याच्या कामात अनेक कारखान्यांत कंत्राटदार बदलतात, पण माणसे तीच राहतात. कंपनीच्या हजेरीपटावर नसल्याने त्यांच्या सेवेची वर्षे कुठेच मोजली जात नाहीत. तुमच्या ३४ नावांच्या यादीशेजारी अशा लोकांची दुसरी यादी करून पाहा. त्यांना कंपनीचे सेवापदक देण्यात कायदेशीर अडचण वाटत असेल, तर किमान त्यांच्या कामाचा उल्लेख करणारे आभारपत्र आणि व्यासपीठावर नाव घेण्याचा मान द्यायला कोणतीच आडकाठी नाही. खंडेनवमीच्या पूजेला ते हजर असतात, त्याच मांडवात बसतात आणि कोणाकोणाची नावे पुकारली गेली हे ऐकत असतात.

तिसरी गोष्ट, कामानुसार वेगळे नमुने करताना दर्जाचा फरक दिसता कामा नये. भट्टीवाल्याची लॅडल मोठी आणि कोअर शॉपमधील ताईंचा नमुना लहान, असे झाले तर त्या क्षणी चर्चा सुरू होईल. वजन, बैठक आणि पट्टी सर्वांना समान असू द्या.

आणखी एक सुचवतो. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ गुणवंत कामगारांना पुरस्कार देते. यासाठी लागणारी माहिती, म्हणजे कामगाराने सुचवलेल्या सुधारणा, वाचवलेला खर्च, टाळलेले अपघात, ही बहुतेक कारखान्यांत कोणी लिहूनच ठेवत नाही आणि म्हणून अर्ज दुबळे पडतात. मानपत्रासाठी तुम्ही जी माहिती गोळा करणार आहात, तीच नीट जपून ठेवलीत, तर पात्र कामगारांचे अर्ज कंपनीला भरून देता येतील.

आस्थापना_शिरोली

सर्वांचे मनापासून आभार. आज कारखाना व्यवस्थापक आणि संघटनेचे पदाधिकारी यांच्यासोबत बसून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत.

स्मृतिचिन्ह आमच्याच बिडाचे ओतायचे हे सर्वांना एकमताने पटले, आणि पॅटर्न शॉपमधील दोघांनी तर बैठकीतच कागदावर आकृत्या काढायला सुरुवात केली. त्याचबरोबर नाव कोरलेला तांब्याचा तांब्याही द्यावा, असे महिला कामगारांनी सुचवले, आणि बिडाच्या कामाचा खर्च कमी असल्याने दोन्ही मिळून आमच्या मर्यादेत बसेल असे दिसते. दिवाळीची भेट धरून एकूण किंमत किती होते, ते लेखा विभाग तपासत आहे. वेतनकराराची मुदत अजून बाकी असल्याने तो मुद्दा आड येणार नाही. कंत्राटी कामगारांची यादी करायला घेतली आहे, आणि त्यात १५ वर्षांहून अधिक काळ येणारी माणसे आहेत हे आम्हालाही आजच आकड्यांत कळले. त्यांना आभारपत्र आणि तांब्या द्यायचा प्रस्ताव मी लेखी मांडला आहे.

मानपत्रांचे काम मी स्वतः घेतले आहे. प्रत्येक पाळीत जाऊन लोकांशी बोलणार आहे.

जुने पॅटर्नमेकर काकांना दोन शंका विचारायच्या आहेत. अप्रेंटिस मुलांकडून ओतून घेताना खराब तुकडे किती निघतील असे धरावे? आणि ज्यांनी या काळात दोन-तीन विभागांत काम केले, त्यांना कोणता नमुना द्यावा?

जुना_पॅटर्नमेकर

ताई, ३४ लागत असतील तर ५० ओता. पहिल्या काही साच्यांत अक्षरांत वाळू पडेल, कुठे वायूची छिद्रे येतील. मुलांना घाई करू देऊ नका आणि खराब निघालेले तुकडे सरळ पुन्हा भट्टीत टाका. खंडेनवमीच्या दीड-दोन महिने आधी पॅटर्न तयार असावा, कारण पहिला नमुना पाहिल्यावर कोणाला तरी बदल सुचतोच आणि कोटिंगवाला गणपती-दसऱ्याच्या दिवसांत वेळ पाळत नाही. साच्यात ओतण्याआधी रसाचे तापमान नेहमीच्या मालापेक्षा किंचित जास्त ठेवावे, म्हणजे पातळ कडांपर्यंत तो पोहोचेल.

ज्यांनी अनेक विभागांत काम केले आहे, त्यांना तुम्ही नमुना निवडून देऊ नका. सगळे नमुने टेबलावर मांडा आणि त्यांनाच विचारा. माझा अंदाज आहे की, बहुतेक जण ज्या विभागात पहिल्यांदा लागले त्याचाच नमुना मागतील. बाकीच्या विभागांची नावे आणि वर्षे पितळी पट्टीवर ओळीने कोरून द्या, त्यासाठी पट्टी आधीपासूनच अर्धा इंच जास्त रुंद ठेवायला सांगा.